पाचवी रेघ

मी एक जुना बोर्ड आहे. शाळेतला नव्हे, बास्केटबॉलच्या मैदानावरचा. शुद्ध मराठीत मला गुणफलक म्हणतात, पण मित्रांनो, आमच्या गोंदियात एवढा जड शब्द कोणी उचलत नाही. "बोर्ड इधर लाव," एवढं म्हटलं की मी समजून घ्यायचं. माझा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे आणि काळा रंग पांढरट पडला आहे. तरी माझ्या अंगावर आजही रेघा ओढल्या जातात. त्यातली एक रेघ अशी होती, की ती आठवली म्हणजे माझ्या लाकडाला अजून कापरं भरतं. तीच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म १९९९ सालच्या हिवाळ्यातला. धानाची कापणी आटोपली होती आणि बिसराम सुताराचे हात रिकामे होते. त्याने सागाची चौकट केली, तिच्यावर प्लायवूडची पाठ ठोकली आणि मला दोन पाय दिले. ते पाय सारखे नाहीत. मी जन्मापासून किंचित डावीकडे कलतो. बिसराम म्हणाला होता की जमीनच वाकडी आहे, आणि लोकांनी ते मान्य केलं.

मग मला रंगवायला खुशाल पेंटर आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मोर आणि कमळं काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने मला काळाभोर केलं, मधोमध पांढरी रेघ मारली, एका बाजूला आपला संघ आणि दुसऱ्या बाजूला पाहुण्यांचा. प्रत्येक बाजूला तीन रकाने: खेळाडू, गुण, फाऊल. खेळाडूंचे क्रमांक त्याने पक्क्या रंगात लिहिले, ४ पासून १५ पर्यंत. चारच्या आधीचे आकडे कुठे गेले, असं तुम्हाला वाटेल. त्या काळी बास्केटबॉलमध्ये खेळाडूला एक, दोन, तीन हे क्रमांक देत नसत, कारण पंच तेवढी बोटं गुण दाखवायला वापरायचे.

खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे इंग्रजीत असायचे आणि माझ्यावरचे मराठीत. कुणीतरी खुशालला सुचवून पाहिलं की बोर्डही इंग्रजीत कर. खुशालने ऐकलं नाही, त्याचा ब्रश मराठीतच डौलात चालायचा. आणि काय डौल तो! विशेषतः त्याचा ४. मराठी चारचं वरचं तोंड उघडं असतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. खुशालने त्याची दोन्ही टोकं बैलाच्या शिंगांसारखी आत वळवली. ती एकमेकांना टेकायचीच काय ती बाकी होती. मला तो आकडा फार आवडायचा. मैदानावर येणारा प्रत्येक जण आधी तो ४ बघायचा.

गोंदियाला लागूनच असलेल्या फुलचूरच्या मैदानावर मी उभा राहिलो. तिथे मुलींना शिकवायच्या प्रेमिला मॅडम. आवाज असा की शेजारच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा सरळ रांगेत चालत. त्यांचे नियम दोनच. पहिला, "ज्याचा हात लागला त्याने हात वर करायचा." म्हणजे फाऊल झाला की शिट्टीचा आवाज विरायच्या आत त्या मुलीने स्वतः हात उंच करायचा. बोर्डाजवळ खुशालच बसायचा. तो पंचाच्या बोटांकडे पाहायचाच नाही, वर गेलेला हात बघायचा आणि त्या मुलीच्या नावे रेघ ओढायचा. दुसरा नियम, "बोर्डाशी वाद नाही." फळ्यावर आलं ते झालं. हा दुसरा नियम ऐकला की मी फुगून जायचो. एवढा मान कोणत्या लाकडाला मिळतो?

त्या मुलींमध्ये दोघी होत्या. चंदा दवनीवाड्याची, धानाच्या शेतात वाढलेली. रोज एसटीने यायची आणि शेवटच्या एसटीने जायची. साक्षी फुलचूरचीच. तिचे वडील खेमराज राइस मिलमध्ये पोती उचलायचे. दोघींचा डबा एक, पाण्याची बाटली एक, भांडणंही एकाच विषयावर, चेंडू कोणी दिला नाही यावर. चंदाच्या पाठीवर चार नंबर, साक्षीच्या पाठीवर आठ. चंदाच्या ओळीत गुण लिहिता लिहिता खुशालचा खडू झिजायचा. साक्षीची ओळ बऱ्यापैकी भरायची, पण तिच्याकडे बघायला कोणाला वेळ नसायचा. ती सामना संपल्यावर माझ्यापुढे येऊन उभी राहायची आणि आधी चारची ओळ वाचायची, मग आपली. मला ते दिसायचं. मी त्याचा काही अर्थ लावला नव्हता.

अशी सात वर्षं गेली. मग आमच्या भागात पगारी खेळाडूंची एक स्पर्धा सुरू झाली. खेळून पोट भरता येतं, ही गोष्ट आमच्याकडे तोवर कोणी ऐकली नव्हती. आमच्या पोरी त्यात उतरल्या. शेवटचा सामना भंडाऱ्याच्या संघाशी, आमच्याच मैदानावर. आणि बातमी आली की नागपूरच्या एका मोठ्या संघाचे व्यवस्थापक नंदलालजी सामना बघायला येणार आहेत. त्यांना एक मुलगी हवी होती. एकच. महिन्याच्या पगारावर, राहायला खोली देऊन. सगळ्या मैदानाला माहीत होतं की ते चंदासाठी येत आहेत. चंदाच्या घरी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. नागपूर झालं तर ती थांबणार होती, नाही तर हा तिचा शेवटचा मोसम होता.

त्या दिवशी खुशाल आला नाही. तिरोड्याला त्याला दुकानाच्या पाटीचं काम लागलं होतं. माझ्याजवळ खडू घेऊन बसले हिमांशू सर. गावातल्या इंग्रजी शाळेत ते गणित शिकवायचे. माणूस हौशी आणि चांगला. मराठी आकडे त्यांना ओळखू यायचे, पण थोडं थांबून, जसं आपण लांबच्या नातेवाइकाला ओळखतो. तरी काम छान चाललं होतं. मुली हात वर करायच्या, सर पाठीवरचा नंबर बघायचे, माझ्यावरची ओळ शोधायचे, रेघ ओढायचे.

मित्रांनो, असा सामना मी पुन्हा पाहिला नाही. आम्ही दोन गुणांनी पुढे, मग भंडारा एकाने पुढे, मग बरोबरी. लोक झाडांवर चढले होते. खेमराज मिलमधून तसाच आला होता, डोक्यावर कोंड्याची धूळ घेऊन. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा माझ्या अंगावर लिहिलं होतं: अठ्ठावन्न, अठ्ठावन्न. चारच्या ओळीत सव्वीस गुण आणि फाऊलच्या रकान्यात चार रेघा. आठच्या ओळीत दहा गुण, दोन रेघा. पाचवी रेघ आली की खेळाडू बाहेर, हा नियम. चंदा एका रेघेवर उभी होती, पण ती सांभाळून खेळत होती.

भंडाऱ्याची एक उंच मुलगी बास्केटखाली उडाली. तिला अडवायला चंदा आणि साक्षी दोघी एकदम उडाल्या. फट् असा आवाज झाला. शिट्टी वाजली.

माझा चेहरा मैदानाकडेच असतो. मी पाहिलं. चंदाचा हात हवेत होता, सरळ, कोणालाच न लागलेला. साक्षीचा पंजा त्या मुलीच्या मनगटावर बसला होता. पंचांनीही पाहिलं. त्यांनी टेबलाकडे वळून एका हाताची पाच आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं दाखवली. आठ. तिथे बसून सामन्याची कागदी नोंद ठेवणाऱ्या कारकुनाने आपल्या कागदावर आठच्या नावे बरोबर खूण केली.

पण मैदानावर कोणाचाच हात वर गेला नाही.

हिमांशू सर गोंधळले. दिवसभर ते हात बघून लिहीत होते. आता हातच नाही. त्यांनी पंचांची बोटं मोजली आणि स्वतःशीच म्हणाले, "आठ, आठ." आणि ते माझ्याकडे वळले. मागे हजार लोक ओरडत होते. त्यांची नजर घाईघाईने माझ्यावरून फिरली आणि खुशालच्या त्या देखण्या, शिंगं मिटत आलेल्या आकड्यावर थांबली. गणिताच्या मास्तरांना तो इंग्रजी आठ वाटला. खडू टेकला. चारच्या ओळीत पाचवी रेघ आली.

मी हादरलो. पाचावर धारण बसते म्हणतात, ती माझी त्या क्षणी बसली. ही रेघ माझी नाही, ही इथली नाही, असं मला ओरडायचं होतं. पण मी लाकूड. मला सुताराने पाय दिले, पेंटरने चेहरा दिला, तोंड कोणीच दिलं नाही.

चंदाने माझ्याकडे पाहिलं. तिने एकदा आपल्या तळहाताकडे पाहिलं. उडीत दोघींचे हात जवळजवळ होते, लागला असेल आपलाच, असं तिला वाटलं असावं. दुसरा नियम तिला लहानपणापासून पाठ होता. ती वाद न घालता, मान खाली घालून बाहेर चालू लागली. प्रेमिला मॅडमनी बोर्ड पाहिला, कपाळावर हात मारला आणि बाकावरची दुसरी मुलगी आत पाठवली. कारकुनाच्या कागदावर चंदाच्या चारच खुणा होत्या. त्याला वाटलं, मॅडमना बदल करायचा असेल, आपल्याला काय? पंचांनाही तसंच वाटलं. खेळाडू बदलायला कुठे मनाई आहे! झालं, अळीमिळी गुपचिळी.

आणि साक्षी? ती तिथेच उभी होती, चंदाच्या जाणाऱ्या पाठीकडे बघत. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल. नंदलालजी पहिल्या रांगेत खुर्चीवर पुढे सरकून बसले होते. साक्षीची नजर तिकडे गेली आणि ओठ मिटले. मित्रांनो, त्या रेघेपेक्षाही मला त्या मिटलेल्या ओठांचा धक्का जास्त बसला. ज्या मुलींचा डबा एक होता, त्यातली एक गप्प बसू शकते, हे मला सात वर्षांत कधी सुचलंही नव्हतं.

भंडाऱ्याच्या मुलीला दोन फ्री थ्रो मिळाले. एक आत गेला, एक चुकला. ते एकाने पुढे. आता शेवटचा चेंडू आमचा. तो नेहमी चंदाकडे जायचा. चंदा नव्हती, म्हणून तो साक्षीकडे आला. तिने एक टप्पा घेतला, वळली आणि फेकला. चेंडू कड्यावर नाचला आणि आत पडला. भोंगा वाजला. साठ, एकोणसाठ. आम्ही जिंकलो.

लोक मैदानात धावले. साक्षीला खांद्यावर घेतलं. खेमराज दिसेल त्याचा हात धरून सांगत होता, "माही पोरगी होय, माही." नंदलालजी शांतपणे माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांनी चारची ओळ वाचली, आठची ओळ वाचली. मग ते प्रेमिला मॅडमना म्हणाले, "आया तो मैं चार नंबर के लिए था. पर जो लड़की ऐन टाइम पे पाँच फाउल करके बाहर बैठ जाए, उसका क्या करूँ? आठ नंबर को भेज दो."

खेमराजने साक्षीला लोकांच्या खांद्यावरून खाली घेतलं. मुलीचं तोंड कुरवाळत तो म्हणाला की आता मी पोती उचलली नाही तरी चालेल.

साक्षी वडिलांकडे बघत राहिली. लांब बाकावर चंदा बुटांच्या नाड्या सोडत होती. मग साक्षीने वडिलांचा हात हळूच बाजूला केला आणि ती माझ्याकडे आली. हिमांशू सरांच्या मांडीवरचं डस्टर तिने उचललं. चारच्या ओळीतली पाचवी रेघ पुसली. खडू घेतला आणि आठच्या ओळीत तिसरी रेघ ओढली. ती रेघ वाकडी आली.

जवळचे लोक माझ्याकडे वळले. मग त्यांच्या मागचे. हिमांशू सरांनी माझा ४ निरखून पाहिला आणि त्यांचे डोळेच पांढरे झाले. "अरे बाप रे," ते एवढंच म्हणाले. कारकून आपला कागद घेऊन धावत आला आणि आमचं पहिल्यापासून बरोबर होतं म्हणून सांगू लागला. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. खेमराज एकदा बोर्डाकडे बघे, एकदा मुलीकडे. त्याला आकड्यांमधलं काही कळलं नाही, पण मुलीचा चेहरा वाचता येत होता.

चंदा आली. अनवाणीच आली. तिने माझ्यावरच्या दोन्ही ओळी पाहिल्या. सगळ्यांना वाटलं, आता ती साक्षीला मिठी मारेल. मलाही वाटलं.

"तवाच सांगाचं होतं," चंदा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता बोर्ड बरोबर झाला. माहा खेळ तं गेलाच ना."

साक्षी म्हणाली, "मले वाटलं, कोणीतरी सांगन."

"तू होती ना."

बस, एवढंच बोलणं झालं. नंदलालजींनी घसा खाकरला. बाद में खबर करते हैं, असं म्हणून ते जीपमध्ये बसले. ती खबर कधीच आली नाही, ना चारला ना आठला. पुढच्या वर्षी ती पगारी स्पर्धाच बंद पडली. रेघ दुरुस्त झाली खरी, पण बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात तसं झालं. दोघींमध्ये पुन्हा एक शब्द झाला नाही. साक्षी लग्न होऊन तिरोड्याला गेली. चंदाचंही लग्न झालं, दवनीवाड्यातच.

दोष कोणाला द्यायचा, हे लोकांना पटकन ठरवता आलं. मला दिला. मराठी आकड्यांनी घात केला, असं म्हणाले. मला फार लागलं ते. अहो, माझा ४ चारच होता. त्याच्याकडे जरा थांबून बघायला काय झालं होतं? पण कोण ऐकतो! लाल दिव्यांचा नवा बोर्ड आला, जो वीज गेली की मुका होतो. मला मैदानाच्या मागच्या खोलीत फाटक्या जाळ्या आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांमागे कोंबलं. छप्पर गळायचं. वाळवी माझ्या कोपऱ्यातून आत शिरली आणि मला हळूहळू खाऊ लागली. कैक वर्षं मी माणसाचा चेहरा पाहिला नाही.

एक दिवस दार उघडलं. चंदा होती. अंगाने भरली होती, केसांत एखाददुसरी चांदी. दवनीवाड्यात ती शिलाईची कामं करायची आणि संध्याकाळी गावातल्या पोरींना बास्केटबॉल शिकवायची. तिला बोर्ड हवा होता. मला ओळखून ती जरा थबकली. मला वाटलं, ही मला चुलीत घालणार. तिने फडक्याने माझी धूळ पुसली, वाळवीवर रॉकेल ओतलं आणि मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं. मी रडू शकत असतो तर त्या रस्त्याभर रडलो असतो.

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे २०१८ सालच्या सुरुवातीला, तिरोड्याच्या मुलींचा संघ दवनीवाड्याला खेळायला आला. पंच म्हणून बोलावलेला माणूस आलाच नाही. मुली खोळंबल्या. चंदा गळ्यात शिट्टी अडकवून उभी होती, पण आपल्याच पोरींच्या सामन्यात पंच कसं व्हायचं? तिरोड्याच्या मुलींबरोबर काही पालक आले होते. त्यांच्यात मागे, पदर दातात धरून, एक बाई उभी होती. मी तिला चटकन ओळखलं. चंदानेही ओळखलं.

चंदा तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. बारा वर्षांचा अबोला. साक्षीची मान खाली. चंदाने गळ्यातली शिट्टी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"उभी काऊन राहिली?" चंदा म्हणाली. "शिट्टी घे."

साक्षी घाबरली. "मले नको देऊ," ती म्हणाली. "तुले तं माहीत आहे ना मी कशी होय ते."

"म्हणूनच देऊन राहिली," चंदा म्हणाली आणि शिट्टी तिच्या हातात कोंबून बाकावर जाऊन बसली.

साक्षीने डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि मैदानात उतरली. तिरोड्याच्या संघात सात नंबरची एक चुणचुणीत मुलगी होती. खेळ सुरू होतो न होतो तोच तिने दवनीवाड्याच्या मुलीला कोपराने ढकललं. कोणाला ते दिसलंही नव्हतं. शिट्टी वाजली. साक्षीने एका हाताची पाच आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं उंच धरली, आणि माझ्यावर सातच्या ओळीत रेघ नीट येईपर्यंत खाली घेतली नाहीत.

ती सात नंबरची मुलगी जागच्या जागी थिजली. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "आई, मी?" ती म्हणाली.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. मला पावसात ठेवू नका, वर्षातून एकदा काळा रंग द्या आणि माझ्या मराठी आकड्यांकडे थोडं थांबून बघा, एवढंच मागतो. आणि माझ्यावर कोणाच्या ओळीत चुकीची रेघ आलेली दिसली, तर दुसरा कोणी सांगेल म्हणून वाट बघू नका. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.

साक्षीने मुलीकडे पाहिलं, शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाली, "हो, तूच."